हान्श यांचे ऋण आणि संदर्भांची मोजदाद

उसाच्या किंवा गव्हाच्या शेतातले रुंद पानांचे तण मारण्यासाठी २,४-डी नावाचे तणनाशक फवारतात, हे ग्रामीण भागातल्या शिक्षकांना माहीत असते. त्याचे पूर्ण नाव २,४-डायक्लोरोफिनॉक्सी ॲसेटिक आम्ल. वनस्पतीच्या अंगी वाढ घडवून आणणारी जी नैसर्गिक संप्रेरके असतात, त्यांची ही नक्कल. अल्प मात्रेत कोंबाची वाढ होते, जास्त मात्रेत वाढ बेताल होऊन रोप मरते.

याच कुळातल्या रेणूंवर काम करता करता अमेरिकेतल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकाने औषधी रसायनशास्त्राला मोजमापाची भाषा दिली. त्यांचे नाव कॉर्विन हान्श (१९१८–२०११). बाजारात गाजलेले एखादे औषध त्यांच्या नावावर नाही. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. ज्या पोमोना कॉलेजात त्यांनी आयुष्यभर शिकवले, तिथे पीएच.डी.चे विद्यार्थी नसतात, पदवीचे असतात. तरीही त्यांच्या शोधनिबंधांचा संदर्भ हजारो वेळा दिला गेला आहे. असे का झाले आणि या संदर्भांचा अर्थ नेमका काय लावायचा, हे दोन प्रश्न या लेखात तपासून पाहू. दुसरा प्रश्न आज अधिक महत्त्वाचा आहे. संशोधकाची किंमत त्याच्या संदर्भांच्या आकड्यावरून करण्याची सवय आता आपल्या विद्यापीठांतही चांगलीच मुरली आहे.

ओटच्या कोंबांपासून सुरुवात

हान्श यांचा जन्म नॉर्थ डकोटा राज्यातल्या केनमेअर या गावचा. १९४४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची पीएच.डी. मिळवल्यावर युद्धकाळात त्यांनी अणुबाँब प्रकल्पात काम केले आणि १९४६ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात दाखल झाले. तिथे रॉबर्ट म्यूर हे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी होते. म्यूर यांना पडलेला प्रश्न साधा होता. फिनॉक्सी ॲसेटिक आम्लाच्या वलयावर क्लोरीन, मेथिल, नायट्रो असे वेगवेगळे गट बसवले, तर ओटच्या कोंबांची वाढ घडवण्याची त्यांची क्षमता कमीजास्त का होते?

रसायनशास्त्राकडे या प्रश्नाचे अर्धे उत्तर होते. बेंझिनच्या वलयावरचा एखादा गट इलेक्ट्रॉन आपल्याकडे किती ओढतो किंवा ढकलतो, हे हॅमेट यांनी १९३७ मध्ये 'सिग्मा' नावाच्या आकड्यात बांधले होते. बेंझॉइक आम्लाच्या आयनीभवनावरून हे आकडे काढता येतात. परंतु केवळ सिग्मा वापरून ओटच्या कोंबांचे वागणे जुळेना. परीक्षानळीतल्या अभिक्रियेत आणि जिवंत कोंबात एक मोठा फरक आहे. परीक्षानळीत रेणू जागेवरच असतो. कोंबात त्याला पाण्यातून निघून पेशींची स्निग्ध पटले ओलांडत आपल्या कामाच्या ठिकाणी पोचावे लागते.

या प्रवासाचे मोजमाप कसे करायचे? इथे हान्श यांनी एक जुना धागा उचलला. गुंगी आणणाऱ्या पदार्थांची ताकद तेल आणि पाणी यांत ते कसे वाटले जातात यावर अवलंबून असते, हे मायर आणि ओव्हरटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले होते. त्यांनी ऑलिव्ह तेल वापरले होते. परंतु तेल म्हणजे अनेक पदार्थांचे मिश्रण, त्यामुळे प्रत्येक नमुना वेगळा. हान्श यांनी त्याऐवजी ऑक्टॅनॉल हे आठ कार्बनांचे अल्कोहोल घेतले. ते शुद्ध मिळते, सहजी उडून जात नाही, आणि पटलातल्या स्निग्ध रेणूंप्रमाणे त्यालाही एका टोकाला पाण्याशी सलगी करणारा गट आणि मागे लांब कार्बनी शेपूट असते.

फुजिता तोशिओ हे क्योतो विद्यापीठातले संशोधक याच सुमारास पोमोनात आले. १९६२ मध्ये 'नेचर'मध्ये हान्श, मलोनी, फुजिता आणि म्यूर यांचा एक छोटासा निबंध आला आणि १९६४ मध्ये हान्श व फुजिता यांचा पद्धतीची मांडणी करणारा निबंध अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. ज्या शाखेला पुढे 'क्यूसार' म्हणजे संरचना आणि क्रियाशीलता यांचा संख्यात्मक संबंध असे नाव पडले, तिची ही सुरुवात मानली जाते.

बेरजेचे रसायन

पद्धतीचा गाभा शाळेतल्या बेरीज-वजाबाकीने समजतो. एखादा पदार्थ ऑक्टॅनॉल आणि पाणी यांच्यासह बाटलीत घालून हलवा आणि स्थिर होऊ द्या. वरच्या थरातली संहती भागिले खालच्या थरातली संहती हा झाला विभाजन गुणांक. तो फार मोठ्या पल्ल्यात बदलत असल्याने त्याचा लॉगॅरिथम घेतात. त्याला 'लॉग पी' म्हणतात.

बेंझिनचा लॉग पी २.१३ आहे, म्हणजे ऑक्टॅनॉलमधली त्याची संहती पाण्यातल्या संहतीच्या सुमारे १३५ पट असते. क्लोरोबेंझिनचा लॉग पी २.८४, म्हणजे सुमारे ७०० पट. दोहोंतला फरक ०.७१. हान्श आणि फुजिता म्हणाले की हा ०.७१ म्हणजे क्लोरीनची स्वतःची मिळकत समजा. तिला त्यांनी 'पाय' हे नाव दिले. हे खरे असेल तर बेंझिनवर दोन क्लोरीन बसवल्यास २.१३ अधिक ०.७१ अधिक ०.७१, असे ३.५५ यायला हवे. प्रत्यक्षात डायक्लोरोबेंझिनच्या तिन्ही प्रकारांसाठी मोजलेले आकडे ३.४ ते ३.५ च्या आसपास येतात. अजून न बनवलेल्या रेणूचा स्वभाव कागदावर बेरीज करून सांगता येतो, ही कल्पना औषध बनवणाऱ्यांना किती मोलाची वाटली असेल याचा अंदाज यावरून येईल.

मग त्यांनी समीकरण मांडले. क्रियाशीलता म्हणजे पायचा काही अंश, पायच्या वर्गाचा काही उणे अंश, सिग्माचा काही अंश आणि एक स्थिरांक. हे अंश किती, ते प्रयोगाच्या आकड्यांवरून संख्याशास्त्राने ठरवायचे. यातला उणे वर्ग फार अर्थपूर्ण आहे. रेणू फारच पाणीप्रेमी असेल तर तो पटलात शिरतच नाही, आणि फारच तेलप्रेमी असेल तर पहिल्याच पटलात अडकून बसतो. सर्वांत चांगले काम मधल्याचे. आलेख काढला तर उपडी कढई दिसते. आपल्याकडे 'अति तिथे माती' म्हणतात, त्याचेच हे गणिती रूप.

बेरीज कुठे चुकते

या पद्धतीची स्तुती करणारे लेखन भरपूर आहे. म्हणून तिच्या मर्यादांकडे वळू. पहिली मर्यादा तिच्या जन्मदात्यांनीच नोंदवली. फिनॉलचा लॉग पी १.४६ आहे. बेंझिनवरून काढलेला नायट्रो गटाचा पाय उणे ०.२८. बेरीज केली तर पॅरानायट्रोफिनॉलचा लॉग पी १.१८ यायला हवा. मोजल्यावर तो १.९१ येतो. याचे कारण असे की नायट्रो गट वलयातून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे फिनॉलच्या ऑक्सिजनचे पाण्याशी असलेले नाते बदलते. दोन्ही गट एकमेकांशी न बोलता आपापली मिळकत घरात आणत असतील, तरच बेरीज खरी. फुजिता, इवासा आणि हान्श यांनी १९६४ सालीच वेगवेगळ्या मूळ रेणूंवरून पायचे वेगवेगळे तक्ते दिले, ते याचसाठी.

दुसरी मर्यादा ऑक्टॅनॉलची. बाटलीतले ऑक्टॅनॉल सर्व दिशांनी सारखे असते. पेशीचे पटल म्हणजे रांगेने उभ्या असलेल्या रेणूंची दुहेरी भिंत, तीही विद्युतभारित टोकांची. ऑक्टॅनॉल हा त्या भिंतीचा प्रतिनिधी आहे, भिंत नव्हे. विद्युतभार असलेल्या औषधांच्या बाबतीत हा प्रतिनिधी अनेकदा दिशाभूल करतो.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर, कारण ती रसायनाची नसून विचाराची आहे. समीकरण आकड्यांशी जुळले म्हणजे कारण सापडले, असे होत नाही. १९७२ मध्ये टॉप्लिस आणि कॉस्टेलो यांनी यादृच्छिक आकडे घेऊन दाखवले की, संयुगे थोडी आणि तपासलेले गुणधर्म पुष्कळ असतील, तर कसलाही संबंध नसताना उत्तम दिसणारी समीकरणे निघतात. प्रत्येक गुणधर्मामागे निदान पाच संयुगे तरी हवीत, हा अंगठ्याचा नियम त्यातून रूढ झाला. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, गोलब्राइख आणि ट्रॉप्शा यांनी पुन्हा बजावले की, ज्या संयुगांवरून समीकरण बनवले त्यांच्यावरच ते तपासून समाधान मानू नका. अगोदर बाजूला ठेवलेल्या नव्या संयुगांवर त्याची परीक्षा घ्या.

परीक्षणासाठी हाती येणारे या विषयातले निबंध वाचताना मला हा इशारा वारंवार आठवतो. वीस संयुगे दुसऱ्याच कुणाच्या निबंधातून उचललेली असतात, संगणकाने त्यांचे शेकडो गुणधर्म काढून दिलेले असतात, त्यांतले चार निवडून समीकरण बनवलेले असते आणि शेवटी भावी औषधाचे आश्वासन असते. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही संशोधन करता येते हा हान्श यांच्या वाटेचा मोठा गुण. आपल्याकडे तिच्यावर गर्दी झाली ती त्यामुळेच. परंतु त्याच सोयीने आळसालाही दार उघडून दिले.

याचा दोष हान्श यांना किती द्यायचा? थोडा द्यावा लागेल. समीकरणात न बसणारी संयुगे ते गाळत, मात्र ती तक्त्यात उघडपणे नोंदवत. नव्या संयुगांवर समीकरणाची परीक्षा घेण्यावर त्यांचा भर कमी होता. त्यांचा भरवसा होता 'शेजारच्या' पुराव्यावर. एका विकराबाबत मिळालेले समीकरण दुसऱ्या जीवातल्या त्याच विकराच्या समीकरणाशी आणि साध्या रासायनिक अभिक्रियेच्या समीकरणाशी जुळते का, हे ते पाहत. त्यासाठी त्यांनी हजारो समीकरणांचा संग्रह जमवला. १९८० च्या दशकात त्यांनी याहून पक्का पुरावा शोधला. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकरात ट्रायमेथोप्रिमच्या जातीचे रेणू कसे बसतात, हे क्ष-किरणांनी मिळालेल्या रचनेचे संगणकावर चित्र काढून त्यांनी आणि ब्लेनी, लँगरिज इत्यादी सहकाऱ्यांनी समीकरणांशी ताडून पाहिले. समीकरण जिथे म्हणते की इथे तेलप्रेमी गटाचा फायदा होतो, तिथे विकरात खरोखर तेलप्रेमी खोबण आहे का? असा प्रश्न विचारणारा माणूस आकड्यांवर भाळलेला नव्हता. त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी समीकरण घेतले आणि हा प्रश्न मागे सोडला.

संदर्भ कशाचे?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. हान्श यांच्या सर्वांत जास्त संदर्भ मिळालेल्या निबंधांत १९९१ चा एक निबंध आहे. हान्श, लिओ आणि टाफ्ट यांनी हॅमेटच्या स्थिरांकांचा घेतलेला तो आढावा. त्यात नवा सिद्धांत नाही. शेकडो गटांचे आकडे निगुतीने तपासून एका जागी मांडलेला तो प्रचंड तक्ता आहे. जगभरचे रसायनशास्त्रज्ञ त्यातून हवा तो आकडा घेतात आणि तळटीपेत ऋण मानतात. त्यांतल्या कित्येकांचा औषधांशी काहीही संबंध नसतो. म्हणजे हे संदर्भ 'मी या विचाराने प्रभावित झालो' असे म्हणत नाहीत. ते 'मी हे कोष्टक वापरले' एवढेच म्हणतात.

याच्या उलट उदाहरण लॉग पीचे. आज कोणत्याही रसायनाच्या माहितीपत्रकात ऑक्टॅनॉल आणि पाणी यांमधला विभाजन गुणांक दिलेला असतो. १९७४ मध्ये नीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, प्रदूषक पदार्थ माशांच्या अंगात किती साचेल याचा अंदाज या आकड्यावरून बांधता येतो. पुढे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने रसायनांच्या तपासणीच्या नियमांत बाटली हलवून तो मोजण्याची रीत समाविष्ट केली. डीडीटीसारखे, सहाच्या वर लॉग पी असलेले पदार्थ चरबीत का साचतात, हे आपण आज वर्गात सहज सांगतो. १९९७ मध्ये लिपिन्स्की यांनी तोंडावाटे घेण्याच्या औषधांसाठी मांडलेल्या 'पाचाच्या नियमा'तही लॉग पी पाचाहून अधिक नसावा ही एक अट आहे, आणि तो हिशेबाने काढण्याची एक मुख्य रीत पोमोनातच, हान्श आणि ॲल्बर्ट लिओ यांच्या गटात, तयार झाली होती. या सगळ्यांत १९६४ च्या निबंधाचे नाव दर वेळी येत नाही. विचार इतका मुरला की त्याचा मूळ मालक कोण, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. खरा प्रभाव इथे आहे आणि तो मोजणीत धरला जात नाही.

तिसरा प्रकार याहून बोलका आहे. १९८७ मध्ये हान्श, ब्यर्कोथ आणि लिओ यांनी मेंदूवर काम करणाऱ्या औषधांच्या अभ्यासावरून एक तत्त्व सुचवले. औषधाची ताकद न घटवता त्याचे तेलप्रेम जितके कमी ठेवता येईल तितके ठेवावे, कारण जास्त तेलप्रेमी रेणू नको त्या ठिकाणीही चिकटतात. इशारा स्पष्ट होता. २००७ मध्ये लीसन आणि स्प्रिंगथॉर्प यांनी मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत तयार होणाऱ्या संयुगांचा हिशेब मांडला, तेव्हा आढळले की ती पूर्वीच्या औषधांपेक्षा अधिक तेलप्रेमी होत चालली आहेत. ज्यांच्या संगणकावर हान्श यांच्या गटाची आज्ञावली होती, त्यांनीच हान्श यांचा सल्ला बाजूला ठेवला. तेलप्रेमी गट वाढवला की परीक्षानळीतली ताकद चटकन वाढते, आणि तो मोह आवरणे कठीण. संदर्भ देणे आणि ऐकणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे यावरून दिसते.

म्हणून हान्श यांच्या कामाचे माझे मूल्यमापन असे. त्यांची समीकरणे आज जशीच्या तशी फार थोडे जण वापरतात. नॉरफ्लॉक्सॅसिन या जपानी प्रतिजैविकाच्या घडणीत या पद्धतीने मदत केली, हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत नेहमी दिले जाते. अशी ठळक उदाहरणे मात्र मोजकीच आहेत. २००६ मध्ये मॅजिओरा यांनी दाखवून दिले की, रेणूतल्या बारीकशा बदलाने क्रियाशीलता एखाद्या कड्यावरून कोसळावी तशी कोसळते, आणि अशा ठिकाणी गुळगुळीत समीकरण हमखास फसते. पण 'या रेणूत काय बदलू?' या प्रश्नाला 'करून बघू' याखेरीज दुसरे उत्तर असू शकते, ही अपेक्षा हान्श यांनी निर्माण केली. रेणूचा गुण आकड्यात सांगा, तो आकडा ठरलेल्या रीतीने मोजा, आणि आपला अंदाज चुकला तर ते मान्य करा. ही शिस्त समीकरणांहून टिकाऊ ठरली. आजच्या संगणकीय पद्धती कितीही प्रगत असल्या तरी त्यांना खाऊ घातलेल्या आकड्यांत लॉग पी असतोच.

शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे काम मोठ्या संस्थेत झाले नाही. पदवीचे वर्ग घेणाऱ्या माणसाने, शेजारच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रश्नात रस घेतला, आणि बाटली हलवून मोजता येणाऱ्या एका राशीवर तो वर्षानुवर्षे चिकाटीने टिकून राहिला. १९९९ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, एड्सविरोधी औषधांवरचा जो विस्तृत आढावा त्यांनी लिहिला, त्याच्या सहलेखकांत रजनी गर्ग आणि पिलानीचे एस. पी. गुप्ता ही भारतीय नावेही आहेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

दोन गोष्टी वर्गात करता येतील. पहिली विभाजनाची. एका बाटलीत पाणी आणि गोडेतेल घेऊन चिमूटभर हळद घाला, दुसरीत बीटाचा रस आणि तेल घ्या. दोन्ही हलवून ठेवा. हळदीचा पिवळा रंग तेलात उतरतो, बीटाचा लाल रंग पाण्यातच राहतो. फोडणीत हळद तेलातच का घालतात, यावर मुलांना बोलते करा.

दुसरी गोष्ट फसव्या जुळणीची. वर्गातल्या पाच मुलांची उंची फळ्यावर लिहा. शेजारी वीस रकाने आखा आणि प्रत्येक रकान्यात पाच वेळा फासा टाकून आलेले आकडे भरा. मग अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येक रकान्याचा उंचीशी सहसंबंध गुणांक काढायला सांगा. पाचच नोंदी असताना वीस रकान्यांत सरासरीने एखादा रकाना तरी ०.८८ किंवा त्याहून जास्त गुणांक दाखवतो. चिन्ह अधिक असो वा उणे. फाशाला मुलांची उंची ठाऊक नव्हती, हे तर सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. आता तो एकच रकाना ठेवून बाकीचे एकोणीस पुसून टाका, आणि नुकत्याच वर्गात आलेल्या एखाद्या मुलाला विचारा, या आकड्यांवरून तुला काय वाटते?